डाव्या गालाचा तपास

२२ ऑक्टोबर १९३४, सोमवार

तोंड लाल! सकाळी आरशात पाहिलं — भुवया, नाकाच्या दोन्ही बाजू, गाल. ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं. दुपारपर्यंत खाज सुटली. फळ्याकडे तोंड करून चोरून खाजवलं. सव्वीस वर्षं मुलींना सांगते आहे, चारचौघांत अंग खाजवू नये!

बाकी ठीक. दसऱ्याच्या तोरणांचा झेंडू शनिवारी उतरवला आणि मुलींबरोबर बसून तीन टोपल्या चुरडला. बी पुड्यांत बांधून ठेवलं. कुंपणाला लावायचं आहे, शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून. माळायला नाही. या शाळेत वेणीत फूल नाही, मेजावर फूल नाही. नियम म्हणजे नियम.

२५ ऑक्टोबर

आता कातडीचा कोंडा सुटतो. हजेरीपटावर पडला. फुंकून उडवला. पहिलीच्या दोन मुली टक लावून बघत होत्या. मी बघितल्यावर दोघींनी पाटीत तोंड घातलं.

सारजाबाई म्हणाली, "दृष्ट लागली हाय, बाई. लई कडक नदर हाय कुनाची तरी." ही सारजाबाई शाळा झाडते, मुलींना घरून आणते-पोचवते आणि माझा स्वयंपाकही करते. माझ्यापेक्षा कडक नजर माजलगावात कुणाची आहे? तरी मीठ-मोहऱ्या ओवाळू दिल्या. सांगितलं, त्या मोहऱ्या परत डब्यात टाकू नकोस.

२८ ऑक्टोबर

खाजवत बसण्यात अर्थ नाही. तपास करायचा. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सांगत — एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर निसर्गानं काय उत्तर दिलं ते कळायचं नाही. त्या वर्गात आम्ही दोनच मुली. मागच्या बाकावर. उत्तरं मात्र पुढच्यांच्या आधी!

संशयित — साबण, खोबरेल, वांगी, चहा, खडूची धूळ. आजपासून साबण बंद. डाळीचं पीठ आणि दूध.

१ नोव्हेंबर

साबण निर्दोष. तोंड तसंच.

हकीम जलालुद्दीन यांच्याकडे गेले. म्हातारा गोड माणूस. नाडी बघून म्हणाले, "बाईसाब, खून में गरमी है. गुस्सा कम करो."

"औषध द्या, हकीमसाहेब. उपदेश मी रोज पन्नास मुलींना फुकट देते."

खो-खो हसले. काढा दिला. इतका कडू की राग कमी होण्याऐवजी वाढला.

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. चहा बंद करून बघते. हे लिहितानासुद्धा हात जड झाला.

१० नोव्हेंबर

तोंड स्वच्छ! सुट्टी संपेपर्यंत एकही डाग नाही. चहाच गुन्हेगार. पुण्याला शिकायला गेल्यापासूनची मैत्री, आणि असा दगा!

१४ नोव्हेंबर

शाळा सुरू. पटावर बावन्न मुली. आणि शिक्षणखात्याच्या मोहतमीम साहेबांचं पत्र. फेब्रुवारीत शाळा तपासायला येणार. त्या दिवशी चाळीस मुली हजर दिसल्या तर चौथीनंतरचा मिडलचा वर्ग मंजूर. चाळीसला एक कमी असली तरी नाही! या वर्गासाठी बारा वर्षं अर्ज करते आहे. अर्जांची भाषा उर्दू, हट्ट माझा.

जाहेदाला सांगितलं तेव्हा ती उडीच मारणार होती. मी बघितलं म्हणून पाय जमिनीवर राहिले. शाळेतली सर्वांत हुशार मुलगी. अपूर्णांक तोंडी करते. तिचे वडील दिलावर पेठेत फळं विकतात. ते मागेच स्पष्ट बोलले होते — "बाई, क्लास हुई तो पढेगी. नइ तो गर्मी में निकाह. घर में बिठाके क्या करना?" तेरावं वर्ष.

दुपारी नेहमीप्रमाणे शाळेतल्या माझ्या खोलीत गादीवरच्या लोडाला डावा गाल टेकून दहा मिनिटं डोळे मिटले. ही दहा मिनिटं मिळाली नाहीत तर तिसरीचं गणित माझ्याच्यानं होत नाही.

१८ नोव्हेंबर

तोंड पुन्हा लाल! चहाशिवाय! आता डावा गाल सर्वांत वाईट, डोळ्याची पापणीही सुजलेली.

चूल पेटवायला लावली आणि दोन पेले चहा लागोपाठ प्याले. मनातल्या मनात चहाची माफी मागितली. किती दिवसांनी बरं वाटलं!

२१ नोव्हेंबर

शाळेतल्या माझ्या खोलीत कसला तरी वास येतो. कडवट, ओलसर. ओळखीचा आहे आणि आठवत नाही. सारजाबाईला जमीन दोनदा सारवायला लावली. एरवी एकदा सांगितलं तरी कुरकुर करते. आज मुकाट्यानं सारवलं. हिला काय झालं?

आज जाहेदानं मध्येच विचारलं, "बाई, तुमाला फुलं आवडत न्हाईत का?"

"फुलं झाडावर शोभतात. बस खाली."

बसली. पण वहीशी खोटं कशाला बोलू? बाराव्या वर्षी ते गेले. दिवस होऊन गेल्यावर मोठ्या जाऊबाईंनी माझ्या डोक्यातली वेणी ओढून काढली. केस तर नंतर काढलेच. पुण्याला शिकायला आल्यावर ते पुन्हा वाढवले. फूल मात्र कधी माळलं नाही. मग वाटलं, मुलींनी सजण्यापेक्षा शिकावं. नियम केला. नियमाला चांगलं कारण सापडलं की माणूस खरं कारण विसरतो.

२९ नोव्हेंबर

सुंदरराव येऊन गेले. गावातले मोठे वतनदार. शाळेची जागा त्यांनीच दिलेली. त्यांच्या दोन नाती, विमल आणि गीता, माझ्याकडे चौथीत. उंबऱ्यातच उभे राहिले. पान घेतलं नाही.

"बाई, राग मानू नका. गाव बोलतंय."

"काय बोलतंय?"

"म्हंतेत — महारोग हाय."

शब्द उच्चारून त्यांनीच खाली बघितलं. मी म्हणाले, "गाव डॉक्टर कधी झालं?" पण नाती उद्यापासून येणार नाहीत. आणि सुंदररावांच्या येणार नाहीत म्हणजे आणखी कितीजणींच्या घरचे बघून ठरवणार.

१ डिसेंबर

सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण, घाईतले. टाचणी घेतली आणि न सांगता गालात टोचली. मी ओरडले! रांगेतले लोक आत डोकावले.

"बस्स," डॉक्टर म्हणाले. "महारोगाच्या डागाला टोचलेलं कळत नाही. तुम्हाला चांगलंच कळलं."

"पण मग हे आहे काय?"

"काहीतरी लागतंय तुम्हाला. काय ते तुम्हीच शोधा."

उर्दूत दाखला लिहून दिला. तो शाळेच्या दारावर लावला. गावात उर्दू वाचणारे मोजके. त्यांनी बाकीच्यांना सांगितलं की बाईंना टोचून बघावं लागलं!

६ डिसेंबर

आज पंचेचाळीस. गेल्या वर्षी एक मुलगी गोवरानं आजारी पडली तर मी घरी चौकशीला गेले होते. आज माझ्याच गोवरावर सगळी घरं दारं लावतात.

सारजाबाईचा एक उपाय मात्र अस्सल. काशाच्या ताटात तूप घेऊन त्यात गार पाणी घालायचं, हातानं फेटायचं, पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी. शंभर वेळा. "मोजा तुमी," म्हणाली. मी मोजले — ब्याण्णवला तिनं थांबायचं नाव काढलं, मी थांबू दिलं नाही. तूप पांढरं, मऊ, लोण्यापेक्षा हलकं झालं. गालाला लावलं आणि आग शांत! तासभर मी जगातली सर्वांत सुखी बाई होते. त्या तासात सहा वह्या तपासल्या आणि सहाही मुलींना चांगले शेरे दिले.

पण हे विझवणं झालं. आग कोण लावतं?

१३ डिसेंबर

तक्ता केला. शनिवारी सकाळी तोंड बरं. मग रोज थोडं वाईट. गुरुवारी सर्वांत वाईट. शुक्रवारी निजामी सुट्टी, शाळा बंद. शनिवारी पुन्हा बरं.

म्हणजे माझं घर निर्दोष. शाळेतलं काहीतरी!

संशयित — खडू, शाई, आणि तिसरीचं गणित.

२० डिसेंबर

खडू आठवडाभर बंद. फळ्यावर जाहेदाला लिहायला लावलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, हे तिला सांगितलं नाही. तोंड लालच.

पट — एक्केचाळीस.

मुली माझ्याकडे विचित्र बघतात. किळस नाही त्यात. कसली तरी वाट बघितल्यासारखं बघतात. आज खोलीत अचानक गेले तर चौथीच्या चौघी आणि सारजाबाई गादीभोवती उभ्या. "काय चाललंय?" — "झाडतोय, बाई!" पाच जणी, आणि केरसुणी एकीच्याही हातात नाही.

२७ डिसेंबर

अडतीस. चाळीसच्या खाली.

दिलावर दारात आले होते. चार पेरू ठेवून गेले. ते पेरू मला मोहतमीम साहेबांच्या पत्रापेक्षा जड वाटले.

उद्यापासून रमजान ईदची सुट्टी. तेलगावला बायनाबाईकडे जाते. बारा वर्षांपूर्वी शाळा उघडली तेव्हा पटावरचं पहिलं नाव तिचं. आता चाळीस एकरांची मालकीण, दोन मुलांची आई. बोलते अजून तशीच.

२९ डिसेंबर, तेलगाव

गाडीतून उतरले तशी बायनाबाई माझ्या हनुवटीला धरून म्हणाली, "बाई, तोंडाचं काय करून घेतलंय? कुनाला चिडला होता इतकं?"

"तुला भीती नाही वाटत?"

"तुमची वाटती. तुमच्या गालाची कावून वाटंल?"

घट्ट मिठी मारली मला. मी तिला मिठी मारू दिली. वाईट सवय, पण सुट्टी आहे.

३ जानेवारी १९३५, तेलगाव

तोंड स्वच्छ! पापणी मऊ. खाते, झोपते, बायनाबाईच्या मुलांना पाढे शिकवते. मुलं मला बघून पळतात, मग परत येतात. पहाटे शेतावर जाते. ज्वारी कमरेच्या वर. तिकडच्या तुकड्यात करडई फुललेली — पिवळी, टोकाला केशरी.

४ जानेवारी, तेलगाव

आज बायनाबाई करडईच्या पाकळ्या खुडायला निघाली. रंगाला लागतात. मी म्हणाले, मीही येते.

"काटे हायत, बाई."

"मलाही आहेत."

दोघी हसत सुटलो. सकाळभर खुडल्या.

६ जानेवारी, तेलगाव

तोंड पेटलं! शाळा नाही, खडू नाही, गणित नाही. दोन्ही हातांवरही लाल. बायनाबाई घाबरली. मी मात्र चक्क टाळी वाजवली. आठ दिवसांत नवीन काय केलं? एकच! करडई!

एक फूल घेऊन ओसरीवर बसले. सुरीनं उभं कापलं. भिंगाची गरज नव्हती तरी बायनाबाईच्या सासऱ्यांचा चष्मा मागून घेतला. आणि वनस्पतिशास्त्राचा तो तास डोळ्यांपुढे उभा राहिला. हे एक फूल नव्हेच! आत बारीक बारीक फुलं, कितीतरी, एकमेकांना चिकटून बसलेली. बाहेरून एक दिसतं. सूर्यफुलाचं कूळ. सूर्यफूल, करडई, झेंडू —

झेंडू! तीन टोपल्या! दसऱ्यानंतरचा शनिवार!

बायनाबाईला हलवून सांगितलं. ती म्हणाली, "पन झेंडू तवा झाला. त्याच्यामागं दोन महिने तुमच्या शाळेत कोनतं फूल व्हतं?"

कोणतंच नाही. माझा नियम आहे.

मग कूळ पुन्हा मोजलं. सूर्यफूल, करडई, झेंडू, शेवंती. आणि तो वास आठवला — खोलीतला, कडवट, ओलसर. चाळीस वर्षांपूर्वी जाऊबाईंनी ओढून काढलेली ती वेणी शेवंतीची होती.

शाळेत शेवंती आहे. कुठे आहे?

१० जानेवारी, माजलगाव

शाळा भरण्याआधी गेले. कपाट, मेज, फळ्यामागची जागा, छताच्या कड्या — सगळं पाहिलं. काही नाही. दमून गादीवर बसले, सवयीनं लोडाला गाल टेकवला. आणि लोड कुरकुरला.

अभ्र्याची एक बाजू नव्यानं शिवलेली. टाके बारीक, सारखे, चौथीच्या शिवणाच्या तासाचे. माझेच शिकवलेले! उसवला. शेवंती! पिवळी, पांढरी, तपकिरी पडलेली, भुगा झालेली, वर कालची ताजी. जमिनीवर ढीग झाला. माझ्या डाव्या गालाखाली दोन महिने हा ढीग!

सारजाबाई दारात. पदर तोंडात.

"तुला माहीत होतं?"

"पोरींनी शपथ घातली व्हती, बाई."

मुली आल्या. ढीग बघून भराभर ओळीत बसल्या. मी माझ्या सर्वांत वाईट आवाजात विचारलं, "कुणी केलं?"

मग जाहेदा उठली. "मी सांगते, बाई. पन समद्यांनी केलंय."

नवस! माझं तोंड बरं व्हावं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बोललेला नवस! रोज एकेकीनं एक फूल — हिंदू मुलींनी देवीला वाहून, मुसलमान मुलींनी दर्ग्यावर ठेवून — ते बाईंच्या जवळात जवळ ठेवायचं. मेजावर ठेवायला बंदी, म्हणून लोडात. चाळीस दिवस.

"चाळीस कधीच झाले की!"

"गुन आला न्हाई, बाई. मंग आनखी चाळीस धरले."

मी ढिगाकडे पुन्हा बघितलं. विचारलं, "वरची ताजी फुलंच पन्नासाच्या घरात कशी? तुम्ही अडतीस आहात."

जाहेदानं विमल-गीताच्या रिकाम्या जागांकडे बघितलं. "ज्या येत न्हाईत, त्या बी पाठवतेत. मी घरोघरी जाऊन आनते, सुट्टीत बी. विमलचं तर रोज पहिलं."

मी त्यांना अपूर्णांक घातले. पाठ करून फळ्याकडे उभी राहिले आणि बराच वेळ तिथेच काहीतरी पुसत होते. फळा कोरा होता.

११ जानेवारी, शुक्रवार

सगळी शेवंती पोत्यात भरली आणि सारजाबाईच्या डोक्यावर देऊन सुंदररावांच्या घरी गेले. ओसरीवर पोतं उपडं केलं.

"हे काय, बाई?"

"माझा महारोग. यात तुमच्या नातींचा वाटा आहे."

सगळं सांगितलं. आतून विमलचं हुंदकणं ऐकू येत होतं. सुंदरराव मिशीवरून हात फिरवत राहिले. "फुलानं कुनाचं तोंड जातं? देवाचं फूल हाय हे."

"जातं की नाही ते बघू. माझा एक हात गुलाबाला द्या, एक शेवंतीला. कुठला कशाला ते तुम्ही ठरवा. दोन दिवसांनी उघडा."

वतनदार माणूस! विश्वास ठेवायचा तर पक्का बंदोबस्त करूनच. त्यांनी डावा हात शेवंतीला दिला. त्यांच्या पत्नी भिवराबाई यांनी कोपराखाली फुलं चुरून ठेवली, वर फडक्यानं पट्टी बांधली. आणि सुंदररावांनी लाख वितळवून दोन्ही गाठींवर आपली मोहर उठवली! सरकारी लखोट्यासारखी मी घरी परत आले. वाटेत दिलावरांनी सलाम केला आणि दोन्ही हातांकडे बघून जीभ चावली.

१२ जानेवारी

डाव्या हाताला खाज सुटली! खाजेचा एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. हात पाठीमागे धरून वर्गभर फिरले. मुलींना वाटलं मी रागावले आहे. शुद्धलेखन अगदी चोख झालं.

१३ जानेवारी

सुंदररावांच्या ओसरीवर अर्धं गाव. हकीमसाहेबही काढ्याचा तांब्या घेऊन बसलेले. मोहर तपासली. शाबूत. उजवी पट्टी सोडली — हात माझा नेहमीचा, थोडा सुरकुतलेला. डावी सोडली. फुलाच्या आकाराएवढा लाल चट्टा, वर बारीक फोड, कडेनं सुटलेली सालं. हुबेहूब माझा गाल!

मग हकीमसाहेब म्हणाले, "सुंदररावजी, अब इलाज सुनो. बाई को फूल नक्को. बच्चियाँ देव."

लोक हसले. सुंदरराव हसले नाहीत. उठले, घरात गेले आणि दोन्ही नातींना हाताला धरून बाहेर घेऊन आले. तोंडानं एकच — "घ्या तुमच्या."

विमल मला येऊन चिकटली. मी तिला ताठ उभं केलं. जरा उशिरानं.

१४ जानेवारी

संक्रांत. हातावर सारजाबाईचं शंभर वेळा धुतलेलं तूप. गाल मऊ. नवा लोड मागवला, आत नुसता कापूस. मीच भरला, मीच शिवला.

संध्याकाळी भिवराबाईंकडे तिळगूळ द्यायला गेले. हळदीकुंकू चाललं होतं. बायका भरलेल्या. मी नेहमीप्रमाणे दारातच उभी. भिवराबाईंनी तिळगूळ दिला. दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा होता. तो हात माझ्यासमोर क्षणभर थांबला. मग आत बसलेल्या बायकांकडे बघून त्यांनी तो खाली घेतला.

मी लगेच निघाले. अवघडायला नको कुणाला.

२० जानेवारी

पट — एकोणपन्नास!

५ फेब्रुवारी

मोहतमीम साहेब आले. चौपन्न मुली हजर. दोन नव्या, बायनाबाईनं तेलगावहून आपल्या भाच्या आणून सोडलेल्या. साहेबांनी जाहेदाला विचारलं, साडेसात कोसांतून पावणेतीन गेले तर? त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर! साहेबांनी बोटांवर मोजून बघितलं. मग मला म्हणाले, "मिडलचा वर्ग ठीक आहे. पण इथे शिस्त फार दिसते."

"वरून दिसते," मी म्हणाले.

मंजूर! मंजूर! मंजूर!

दिलावर पेठेत सगळ्यांना फुकट पेरू वाटत होते. ओरडून मला म्हणाले, "बाई, निकाह क्या करते जी, पैले मिडल!"

८ फेब्रुवारी

नवा नियम लिहून दारावर लावला. मराठीत आणि उर्दूत.

शाळेत फुलं आणायला परवानगी आहे. झेंडू आणि शेवंती सोडून. माळायलाही परवानगी आहे. फुलं उघड्यावर ठेवावीत. कुणाच्याही लोडात ठेवू नयेत.

जाहेदानं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "माळायची परवानगी समद्यांना, बाई?"

"समद्यांना."

"समद्यांना म्हंजे समद्यांना?"

"जागेवर बस."

९ एप्रिल, मंगळवार

सकाळी मेजावर मोगऱ्याचा गजरा. उघड्यावर. चौपन्न मुली माझ्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होत्या. मी तो उचलला आणि माळला. शाळा सुटल्यावर तशीच, पदर मागे ठेवून, पेठेतून घरी निघाले. सुंदररावांच्या घराशी भिवराबाई दारात उभ्या होत्या. आत चैत्राचं हळदीकुंकू. त्यांनी गजरा बघितला. मग सगळ्या बायकांसमोर हाक मारली, "बाई, आत या."

गेले.

कपाळ लाल आहे. खाजत नाही.